गरम जागेसाठी रबर निवडताना

फ्लँजमधून वाफ फुसफुसायला लागली की स्टोअरकडे मागणी जाते ती ‘आणखी जास्त तापमान सोसणाऱ्या’ पॅकिंगची. पॅकिंग तापलेल्या तेलात बसणार आहे, वाफेत की कोरड्या हवेत, हे त्या मागणीत लिहिलेलंच नसतं. खरं तर या तिन्ही ठिकाणी टिकणारं रबर वेगळं असतं.

कॅटलॉगमधला आकडा

नैसर्गिक रबर कायमच्या वापरात साधारण 70 ते 80 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. नायट्राइल आणि निओप्रीन 100 अंशांच्या आसपास, ईपीडीएम 125 ते 150, सिलिकॉन आणि व्हायटनच्या जातीचं फ्लुओरो रबर 200 पर्यंत, आणि अतिशय महागडं परफ्लुओरो रबर 300 च्याही पुढे जातं. हे आकडे बहुतांशी गरम हवेतले आहेत आणि मिश्रणानुसार ते मागेपुढे होतात. ईपीडीएमचंच बघा. गंधकाऐवजी पेरॉक्साइडने पक्कं केलेलं असेल तर ते 150 अंशांना टिकतं, म्हणून ऑर्डरमध्ये ‘पेरॉक्साइड क्युअर्ड’ हे शब्द हवेतच. आणखी एक ढोबळ ठोकताळा ध्यानात ठेवावा: तापमान 10 अंशांनी वाढलं की रबराचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. त्यामुळे मर्यादेला अगदी चिकटून निवड करू नये.

वाफेची लाइन

लाइनवर थर्मामीटर नसला तरी प्रेशर गेज असतो, आणि संपृक्त वाफेचा दाब कळला की तापमान कळतं. गेजवर 3 बार म्हणजे सुमारे 144 अंश, 7 बार म्हणजे 170, 10 बार म्हणजे 184.

इथे सर्वात जास्त चुका होतात. ‘सिलिकॉन 200 अंश सोसतं’ म्हणून ते वाफेवर बसवतात, पण दाबाखालची वाफ सिलिकॉनच्या साखळ्या तोडते आणि ते मऊ पडून फाटतं. व्हायटनचे साधे ग्रेडही गरम पाण्यात आणि वाफेत लवकर खराब होतात. स्वस्त ईपीडीएम मात्र वाफेत या दोघांपेक्षा सरस ठरतं. वाफेत ऑक्सिजन फारसा नसतो, त्यामुळे ईपीडीएमचे काही खास ग्रेड 150 च्याही वर चालतात. फक्त उत्पादकाने वाफेतच चाचणी घेतल्याचा कागद हातात असावा. तो मिळत नसेल तर 7 बारच्या फ्लँजवर रबराचा हट्ट सोडून ग्राफाइटचं गॅस्केट वापरणं मला शहाणपणाचं वाटतं.

तेल आलं की गणित बदलतं

वाफेत टिकणारं ईपीडीएम खनिज तेलात फुगून लिबलिबीत होतं. गरम तेलासाठी 100 अंशांपर्यंत नायट्राइल, 150 पर्यंत हायड्रोजनेटेड नायट्राइल किंवा ॲक्रिलिक रबर, आणि त्यापुढे व्हायटन. ग्लायकॉलवर आधारित ब्रेक फ्लुइडमध्ये मात्र उलटं असतं: तिथे ईपीडीएम चालतं आणि नायट्राइल चालत नाही.

एएसटीएम डी2000 या मानकात हा विचार मुळातच आहे. त्यात रबराला दोन अक्षरं मिळतात, पहिलं उष्णतेसाठी आणि दुसरं तेलात किती फुगतं यासाठी. नैसर्गिक रबर ‘एए’, पेरॉक्साइडचं ईपीडीएम ‘डीए’, फ्लुओरो रबर ‘एचके’. ‘डीए’मधला ‘डी’ म्हणजे 150 अंशांची चाचणी, तर ‘ए’ म्हणजे तेलाबाबत कोणतीही हमी नाही. ड्रॉइंगवर नुसतं ‘हीट रेझिस्टंट रबर’ लिहिण्यापेक्षा ही अक्षरं लिहावीत.

थंड बाजूची मर्यादा

उष्णतेसाठी निवडलेलं रबर थंडीत ताठरू शकतं. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर यान कोसळलं, त्याच्या रॉकेटच्या सांध्यातल्या ओ-रिंग फ्लुओरो रबराच्याच होत्या. त्या थंड सकाळी त्या वेळेत पसरून फट बंद करू शकल्या नाहीत, आणि सात जणांचा जीव गेला. थंडगार सुरू होऊन नंतर तापणाऱ्या यंत्रासाठी तापमानाची दोन्ही टोकं कळवायला हवीत.

जुनं पॅकिंग फेकण्याआधी

काढलेला तुकडा फिटरकडून मागून घ्या आणि नीट बघा. कडक होऊन तडकला असेल तर उष्णता जास्त झाली. फुगून मऊ झाला असेल तर द्रव त्याला मानवलेला नाही. नुसताच चपटा होऊन तसाच राहिला असेल तर ‘कॉम्प्रेशन सेट’ जास्त आहे: दाब काढल्यावर रबर किती परत येत नाही याचं ते माप. डेटा शीटवर हा आकडा कमी दिसला तरी चाचणी किती अंशांवर आणि किती तास घेतली ते तपासा. 22 तासांचा आकडा 70 तासांच्या आकड्याशी ताडून पाहू नये.

आलेला माल

काळी रिंग बघून नायट्राइल की व्हायटन हे सांगता येत नाही. घनता मात्र बोलते: व्हायटनची साधारण 1.8, नायट्राइलची 1.2 ते 1.3. हवेत आणि पाण्यात बुडवून, असं दोनदा वजन केलं की ती काढता येते. किमतीत मोठा फरक असल्यामुळे प्रत्येक लॉटमधली एखादी रिंग अशी तपासावीच. पेंट शॉपमध्ये सिलिकॉन अजिबात नेऊ नका, त्याच्या अंशानेही रंगावर खड्डे पडतात.

आग लागून किंवा 300 अंशांच्या बऱ्याच वर तापून जळालेलं व्हायटन उघड्या हाताने उचलू नये. त्यातून हायड्रोजन फ्लोराइड सुटतो, आणि ओलावा लागताच तयार होणारं त्याचं आम्ल कातडीखाली शिरून भाजतं. अशा वेळी जागा आधी हवेशीर करावी आणि आम्लरोधक हातमोजे घालूनच साफसफाई करावी.