विश्लेषण : मानेचे हाड मज्जारज्जूवर रुतते तेव्हा... नाकातून शस्त्रक्रिया कशी आणि कोणासाठी?

शर्टाची बटणे लावताना बोटे चुकतात, पायातली चप्पल निसटली तरी पत्ता लागत नाही, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. अशा रुग्णाला घरचे म्हणतात ‘अशक्तपणा आला’, आणि शेजारी म्हणतात ‘मणक्यात गॅप असेल’. काही रुग्णांमध्ये मात्र दोष कवटी आणि मान जिथे जुळतात त्या सांध्यात असतो. तिथला दाब दूर करण्यासाठी आता मानेला समोरून छेद न देता, तोंडही न उघडता, थेट नाकपुड्यांतून दुर्बीण घालून शस्त्रक्रिया करता येते. ती नेमकी काय आहे आणि ती प्रत्येकाला लागते का?

दाब येतो कुठे?

मानेचा पहिला मणका, म्हणजे अ‍ॅटलस, कड्यासारखा गोल असतो. दुसऱ्या मणक्यातून, अ‍ॅक्सिसमधून, एक उभी खुंटी वर येते आणि त्या कड्याच्या पुढच्या भागात बसते. तिचा आकार दातासारखा, म्हणून नाव ओडोन्टॉइड. जात्याची वरची तळी मधल्या खिळीभोवती फिरावी तसा पहिला मणका या खुंटीभोवती फिरतो. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो त्यातले साधारण निम्मे वळण याच एका सांध्यात होते.

या कड्याच्या आतल्या जागेचा हिशेब वैद्यकीय विद्यार्थ्यांना सोप्या भाषेत शिकवला जातो : एक तृतीयांश जागा खुंटीची, एक तृतीयांश मज्जारज्जूची आणि उरलेली एक तृतीयांश मोकळी. या मोकळ्या जागेमुळेच दोष असूनही अनेकांना वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. ती संपली की मात्र एखादी किरकोळ पडझडही महागात पडू शकते.

जागा संपण्याची कारणे अनेक. काहींमध्ये जन्मतःच पहिला मणका कवटीला चिकटलेला असतो आणि ओडोन्टॉइड वर सरकून कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रात शिरते. याला बॅसिलर इन्व्हॅजिनेशन म्हणतात. आखूड मान आणि मानेवर खूप खाली उतरलेले केस ही त्याची बाहेरून दिसणारी खूण असू शकते. जुन्या संधिवातात (ऱ्हुमॅटॉइड) सांध्याचे अस्तर सुजून खुंटीभोवती मांसल गाठ तयार होते आणि अस्थिबंध सैल पडतात. अपघातात मोडलेली खुंटी वाकडी जुळणे, गाठी आणि क्षयरोग हीही कारणे आहेत. क्षयरोगात बहुतेकदा औषधे आणि मानेला आधार यांवरच काम भागते, हे इथेच सांगायला हवे.

लक्षणे कोणती?

डोक्याच्या मागे, मानेच्या वरच्या टोकाला दुखणे. हातांना मुंग्या, पकड ढिली होणे, चालताना तोल जाणे. मान पुढे झुकवली की पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे. दाब आणखी वर, मेंदूच्या देठावर असेल तर गिळताना ठसका लागतो, आवाज बदलतो, झोपेत श्वास अडखळतो. यातले एकेक लक्षण साध्या मानदुखीतही दिसते. पण हातांचे बारीक काम बिघडणे आणि चाल बदलणे ही जोडी एकत्र आली, तर मालिश आणि पट्ट्यात वेळ घालवणे योग्य नाही.

एक गोष्ट स्पष्टच लिहायला हवी. केशकर्तनालयात दाढी झाल्यावर ‘कट्’ असा आवाज काढून मान मोडून घेण्याची आपल्याकडे हौस आहे. ती कोणाच्याच मानेला हितकारक नाही, आणि या सांध्यात सैलपणा असलेल्या माणसासाठी तर थेट धोक्याची आहे. तो सैलपणा आपल्याला आहे की नाही, हे खुर्चीत बसलेल्याला ठाऊक नसते.

मग नाकातूनच का?

खुंटी मज्जारज्जूच्या पुढे असते. मागून जाऊन ती काढायची तर वाटेत मज्जारज्जूच येतो, आणि तो बाजूला सारता येत नाही. म्हणून पुढून जाणे भाग. त्यासाठी अनेक दशके तोंडाचा मार्ग वापरला गेला : जबडा उघडा ठेवायचा, जीभ दाबून धरायची, घशाच्या मागच्या भिंतीला छेद द्यायचा, आणि गरज पडल्यास मऊ टाळूही चिरायची. शस्त्रक्रिया साधायची, पण नंतरचे दिवस कठीण जायचे. जिभेला सूज, नळीतून अन्न, काहींना श्वासासाठी गळ्याला छिद्र, आणि टाळू नीट न जुळल्यास नाकातून येणारा आवाज. शिवाय जखम सतत लाळेत भिजलेली.

नाकाची वाट सरळ आहे. नाकपुडीच्या तळावरून आडवे मागे गेले की टाळूच्या वर, नाकामागच्या घशाची भिंत लागते. तिच्या मागेच कवटीच्या तळाचे टोक आणि पहिल्या मणक्याची पुढची कमान असते. मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या गाठी या वाटेने काढण्याचा अनुभव डॉक्टरांकडे आधीपासून होता. २००२ मध्ये मृतदेहांवरील अभ्यासातून ही वाट ओडोन्टॉइडपर्यंत पोहोचते हे दाखवले गेले. २००५ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील डॉ. अमीन कसाम आणि सहकाऱ्यांनी पूर्णपणे दुर्बिणीतून, नाकावाटे ओडोन्टॉइड काढल्याचे प्रसिद्ध केले.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

रुग्ण पूर्ण भुलीखाली असतो. साधारण चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण एका नाकपुडीतून आणि उपकरणे दोन्हींतून जातात. नाक-कान-घसा तज्ज्ञ आणि मेंदूशल्यचिकित्सक एकाच वेळी चार हातांनी काम करतात. रुग्णाच्या सीटी स्कॅनवर आधारित नेव्हिगेशन यंत्रणा उपकरणाचे टोक कुठे आहे ते पडद्यावर दाखवत राहते.

घशामागची भिंत उघडून पहिल्या मणक्याच्या कमानीचा पुढचा भाग झिजवतात. काही शल्यचिकित्सक कमान शक्य तेवढी राखतात, कारण ती राहिली तर सांध्याला थोडा आधार उरतो. मग हिऱ्याच्या बारीक ड्रिलने खुंटी आतून पोखरायची. अंड्याच्या कवचासारखी पातळ कड उरली की ती अलगद सोडवून काढायची. मागचे अस्थिबंध आणि सुजलेले ऊतक दूर झाले की मज्जारज्जूचे आवरण पुढे येऊन हृदयाच्या ठोक्यासरशी हलताना दिसते. दाब गेला, याची ती प्रत्यक्ष खूण.

मर्यादाही आहे. नाकाच्या हाडाच्या खालच्या टोकापासून कठीण टाळूच्या मागच्या कडेपर्यंत रेघ ओढून ती मागे वाढवली, तर तिच्या खाली नाकातून पोहोचणे अवघड. म्हणजे खुंटी जितकी वर सरकलेली, तितकी नाकाची वाट सोयीची. दाब खूप खाली असेल तर तोंडाचा मार्ग आजही वापरावा लागतो.

‘टाक्यांशिवाय’ म्हणजे सगळे झाले का?

नाही. जाहिरातीत हाच भाग गाळला जातो. खुंटी आणि तिचे अस्थिबंध काढले की सांध्याचा आधारच जातो, त्यामुळे बहुतेक रुग्णांना मानेच्या मागून स्क्रू आणि सळ्या बसवून मणके स्थिर करावे लागतात. त्याला छेद असतो, टाकेही असतात, आणि मान वळवण्याची मर्यादा कायमची येते.

धोके कमी लेखण्यासारखे नाहीत. मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळणे आणि त्यातून मेंदूज्वर होणे हा मुख्य धोका. गळती झाल्यास नाकाच्या पडद्याचे अस्तर फिरवून छिद्र झाकतात. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या दोन्ही बाजूंना असल्याने त्यांचा मार्ग आधी अँजिओग्राफीने पाहिला जातो. तोंडाच्या तुलनेत लाभ असा की टाळू शाबूत राहते आणि बहुतेकांना लवकर तोंडाने खाता येते.

मुंबईचा वेगळा दृष्टिकोन

खुंटी काढावीच लागते का, या प्रश्नावर मुंबईने जगाला एक ठोस उत्तर दिले आहे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी पहिल्या दोन मणक्यांच्या सांध्यात थेट स्क्रू बसवण्याचे तंत्र विकसित केले आणि १९९४ मध्ये ते प्रसिद्ध केले. जर्मनीच्या हार्म्स यांनी २००१ मध्ये त्यात केलेल्या बदलानंतर ते गोयल-हार्म्स तंत्र म्हणून ओळखले जाते. २००४ मध्ये गोयल यांनी बॅसिलर इन्व्हॅजिनेशनमध्ये मागूनच सांधा उघडून, दोन हाडांत अंतर निर्माण करून खुंटी खाली आणण्याची पद्धत मांडली. मूळ आजार सांध्याच्या अस्थिरतेचा आहे, तो स्थिर केला तर पुढून हाड काढण्याची गरज क्वचितच उरते, अशी त्यांची भूमिका. सगळे तज्ज्ञ इतके पुढे जात नाहीत. पण खुंटी मागून जागेवर येत असेल तर आधी तेच करावे आणि न येणाऱ्या, पुढून दाबणाऱ्या हाडासाठी नाकाची वाट राखून ठेवावी, याकडे कल वाढला आहे.

म्हणूनच सल्ला घेताना एमआरआयबरोबर सीटी स्कॅन, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली मान पुढे-मागे करून काढलेले एक्स-रे झाले आहेत का, हे विचारावे. हाड मागून जागेवर येऊ शकते का, मागचे स्क्रू त्याच वेळी बसवणार की नंतर, आणि त्या पथकाने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हेही विचारायला संकोच नको. जुन्या संधिवाताच्या रुग्णांनी, तसेच डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांनी कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना ते आवर्जून सांगावे. भूल देताना मान मागे वाकवली जाते.

शस्त्रक्रियेनंतर मुंग्या आणि दुखणे काहींमध्ये लवकर कमी होते. हातापायांची ताकद परतायला महिने लागतात, आणि खूप काळ दबलेल्या मज्जारज्जूत ती पूर्ण परतेलच असे नाही. घरी आल्यावर काही आठवडे नाक जोरात शिंकरायचे नाही, वजन उचलायचे नाही, सांगितल्याप्रमाणे मिठाच्या पाण्याने नाक धुवायचे. खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा पातळ, स्वच्छ स्राव थेंब-थेंब गळू लागला तर सर्दी समजून थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.