पवनचक्कीमागचे डॅनिश गणित

नोव्हेंबर १९७३ मधील एका रविवारी डेन्मार्कमधील रस्ते ओस पडले होते. संप नव्हता की संचारबंदी नव्हती. अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केल्यामुळे सरकारनेच रविवारी खासगी मोटारी रस्त्यावर आणण्यास मनाई केली होती. त्या वेळी या चिमुकल्या देशाची सुमारे ९० टक्के ऊर्जेची गरज आयात तेलावर भागत असे. पुढील दोन दशकांत त्याच देशाने पवनचक्क्यांच्या जागतिक बाजारपेठेत अग्रस्थान पटकावले आणि अलीकडच्या काही वर्षांत तर तेथील निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून तयार होते. अपारंपरिक ऊर्जेचा विषय निघाला की हे उदाहरण हमखास दिले जाते. मात्र त्याचे श्रेय सरकारी अनुदान आणि समुद्रावरचा वारा यांना देऊन मोकळे होण्याचीच प्रथा आहे. वारा ब्रिटनकडेही होता आणि पैसा अमेरिका व जर्मनीने किती तरी अधिक ओतला. मग हा उद्योग उभा राहिला तो डेन्मार्कमध्येच, असे का?

तेलसंकटानंतर अमेरिकेने हे काम ‘नासा’ आणि बोईंगसारख्या विमान कंपन्यांकडे सोपवले. एकदम दोन-अडीच मेगावॉटची अजस्र यंत्रे उभारायची, असा तो बेत होता. पश्चिम जर्मनीने १९८३ मध्ये ‘ग्रोविआन’ ही तीन मेगावॉटची पवनचक्की उभी केली. तिच्या पात्यांच्या चक्राचा व्यास १०० मीटर होता. तिच्या सांध्यांना तडे गेले आणि १९८७ मध्ये ती बंद पडेपर्यंत जेमतेम ४२० तास चालली. विमानाचे शास्त्र जाणणाऱ्यांना पवनचक्की सोपी वाटली होती. प्रत्यक्षात वीस वर्षे, दिवसरात्र, दर सेकंदाला बदलणाऱ्या वाऱ्याचे धक्के खाणारे यंत्र ही वेगळीच गोष्ट असते.

लोहार, सुतार आणि क्रेनवाले

डेन्मार्कमध्ये मात्र जुनी परंपरा शिल्लक होती. पॉल ला कूर या शिक्षकाने १८९१ मध्ये आस्कोव्ह येथे वाऱ्यापासून वीज तयार करण्याचे प्रयोग सुरू केले होते. त्याचाच विद्यार्थी योहानेस यूल याने १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॉटची चक्की उभारली. ती पुढे दहा वर्षे चालली. तीन पाती, वाऱ्याकडे तोंड, साधे जनित्र आणि वारा फार वाढला की पात्यावरचा प्रवाह आपोआप तुटून जोर कमी व्हावा अशी रचना. वेग मर्यादेबाहेर गेलाच तर पात्यांची टोके वळून ब्रेकचे काम करीत. नाजूक नियंत्रक यंत्रणेची गरजच नव्हती.

सत्तरच्या दशकात हाच नमुना सुतारांनी आणि लोहारांनी पुन्हा उचलला. त्यांची यंत्रे २२ किंवा ३० किलोवॉटची, म्हणजे अगदीच किरकोळ होती. पण ती मोडली तर दुरुस्त करता येत आणि पुढचे यंत्र थोडे मोठे व थोडे सुधारलेले निघे. शेतीची अवजारे व क्रेन बनविणारी ‘वेस्टास’, तुषार सिंचनाचे साहित्य बनविणाऱ्या व्यवसायातून निघालेली ‘बोनस’ आणि टँकर बनविणारी ‘नॉर्डटँक’ या कंपन्या अशाच मार्गाने या धंद्यात आल्या. वेस्टासने १९७९ मध्ये विकलेल्या पहिल्या चक्क्यांचा आराखडाही एका लोहाराच्या जोडीने तयार झालेला होता.

तथापि केवळ कारागिरी पुरेशी ठरली नसती. १९७८ मध्ये रिसो येथील राष्ट्रीय संशोधन केंद्रात पवनचक्क्यांचे चाचणी केंद्र सुरू झाले. दुसऱ्या वर्षी सरकारने चक्की घेणाऱ्यास किमतीच्या ३० टक्के अनुदान जाहीर केले. त्याची अट अशी, की यंत्राला रिसोची मान्यता हवी. या एका अटीने सारे चित्र पालटले. कोणत्याही कार्यशाळेतून निघालेले यंत्र आधी अभियंत्यांच्या मोजमापातून जाऊ लागले. एक ब्रेक निकामी झाला तरी दुसऱ्याने चक्की थांबली पाहिजे, यासारख्या आवश्यकता ठरत गेल्या. एकाची चूक दुसऱ्याचा धडा होऊ लागली.

ग्राहकही मुका नव्हता. शेतकरी आणि गावोगावच्या सहकारी गटांनी १९७८ मध्येच चक्कीमालकांची संघटना काढली. तिच्या मासिकात कोणत्या बनावटीच्या चक्कीने किती वीज दिली आणि कोणती बिघडली, याचे आकडे छापून येत. जाहिरातीपेक्षा हे आकडे वाचूनच लोक खरेदी करीत. सहकार म्हणजे साखर आणि दूध इतकेच ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटेल.

ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियाने करसवलती दिल्या आणि तेथे चक्क्यांची झुंबड उडाली. अमेरिकी यंत्रे धडाधड मोडू लागली तेव्हा जड, ओबडधोबड पण टिकाऊ डॅनिश यंत्रांना मागणी आली. १९८५ च्या अखेरीस सवलती संपल्या आणि पुढच्याच वर्षी वेस्टास दिवाळखोरीच्या दारात पोहोचली. ती १९८७ मध्ये नव्याने उभी राहू शकली, कारण घरचा बाजार आणि चाचणीची व्यवस्था शाबूत होती. घरगुती ग्राहकांवर करांचा बोजा पडल्याने डॅनिश वीज महाग राहिली आणि वारा पडल्यावर नॉर्वे-स्वीडनच्या जलविद्युतेचा आधार घ्यावा लागतो, हेही खरे. १९९१ मध्ये विंडेबी येथे समुद्रातील जगातील पहिला पवनप्रकल्प उभारणाऱ्या याच देशात डिसेंबर २०२४ मधील सागरी प्रकल्पांच्या लिलावाला एकही बोली आली नाही. आता उत्पादनात चिनी कंपन्या आघाडीवर आहेत.

वनकुसवड्याचे पठार

महाराष्ट्राने याच काळात वेगळी वाट धरली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस साताऱ्यात, कोयनेच्या जलाशयालगतच्या वनकुसवडे पठारावर चक्क्यांची रांग लागली. त्यामागे वाऱ्याइतकाच प्राप्तिकर कायदा होता. पहिल्याच वर्षी १०० टक्के आणि पुढे ८० टक्के घसारा दाखविता येत असल्याने नफ्यातील उद्योगांनी मार्चअखेर चक्क्या घेतल्या. कर चक्की उभी राहताच वाचत होता, ती किती फिरते याच्याशी त्याचा संबंध नव्हता. प्रत्यक्ष निर्मितीवर युनिटमागे ५० पैसे देणारी योजना आली ती डिसेंबर २००९ मध्ये. एप्रिल २०१७ पासून घसारा ४० टक्क्यांवर आला.

चाचणीची डॅनिश कल्पना मात्र भारतात पोहोचली होती. १९९८ मध्ये चेन्नईत स्थापन झालेल्या पवनऊर्जा केंद्राला आणि तामिळनाडूतील कयथार येथील त्याच्या चाचणी स्थानकाला डेन्मार्कचेच साहाय्य लाभले. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सुझलॉन’ने तर परदेशातील कारभारासाठी डेन्मार्कमधील ऑर्हूस शहर निवडले. तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीने २००६ मध्ये बेल्जियमची गिअरबॉक्स बनविणारी हॅन्सन आणि २००७ मध्ये जर्मनीची आरईपॉवर ताब्यात घेतली. कौशल्य घडविण्यापेक्षा विकत घेण्याचा हा मार्ग महाग पडला. मार्च २००८ मध्ये तडे गेल्यामुळे १,२५१ पाती मजबूत करण्याचा कार्यक्रम कंपनीला जाहीर करावा लागला, २०१२ मध्ये परकीय रोखे फेडता आले नाहीत आणि २०१५ मध्ये ती जर्मन कंपनी विकावी लागली. कंपनी त्यातून सावरली, हेही नमूद करायला हवे.

२०२५ मध्ये देशाची पवनऊर्जा क्षमता ५० हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे. महाराष्ट्राचा वाटा त्यात साधारण दहावा आहे. सर्वांत चांगल्या वाऱ्याच्या जागा आधी भरल्या गेल्या, त्यामुळे तेथे जुनी, लहान यंत्रे उभी आहेत. ती काढून मोठी यंत्रे बसविण्यासाठी केंद्राने २०१६ मध्ये आणि सुधारित स्वरूपात डिसेंबर २०२३ मध्ये धोरण आणले. पण एका पठारावर अनेक मालक असले, की एका मोठ्या चक्कीसाठी लागणाऱ्या जागेत तीन-चार जणांची लहान यंत्रे येतात. आधी कोणी आपली चक्की उतरवायची आणि नव्या यंत्रातील कोणाचा हिस्सा किती, येथूनच बोलणी सुरू होतात.