ओल्या हातांची थंडी आणि हातमोज्याची निवड

हिवाळ्यात पहाटे विहिरीचे पाणी हाताला कोमट लागते, हा अनुभव खेड्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला असतो. मग त्याच पाण्यात काम करणाऱ्याची बोटे थोड्याच वेळात बधिर का होतात? आणि लोकरीचे हातमोजे घातले तरी ती गारच का राहतात?

हा प्रश्न आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात नुसता पुस्तकी नाही. डिसेंबर-जानेवारीत येथे पहाटेचा पारा अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो. नेमक्या याच दिवसांत गव्हाला व हरभऱ्याला पाणी द्यायचे असते. शेतीची वीज रात्रपाळीत आली, की शेतकऱ्याला अंधारातच दारे धरावी लागतात. उन्हाळी कांद्याची लागवडही याच सुमारास चालते, आणि ती करणाऱ्या बायांचे हात तासन् तास चिखलात असतात. मुळा धरणावर आणि नाथसागराच्या फुगवट्यावर मासेमार पहाटे ओली जाळी ओढतात. या सर्वांना ऊबदार व पाणी आत न शिरू देणारे हातमोजे हवे आहेत. ते कसे निवडावेत, हे पदार्थविज्ञान सांगू शकते.

बोटेच आधी का गारठतात?

बोट हा एक बारीक दंडगोल आहे असे समजा. दंडगोल जितका बारीक, तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. मांडीची त्रिज्या सुमारे ८ सेंटिमीटर व बोटाची ०.८ सेंटिमीटर धरली, तर तेवढ्याच आकारमानामागे बोटाचा पृष्ठभाग दहापट भरतो. उष्णता पृष्ठभागातून बाहेर जाते. म्हणून बोट लवकर निवते.

शिवाय बोटांमध्ये उष्णता निर्माण करणारे मोठे स्नायू नाहीत. बोटे हलवणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या हातात असतात. बोटांना ऊब मिळते ती प्रामुख्याने रक्तातून. थंडी वाजू लागली, की शरीर हृदय, मेंदू यांसारख्या महत्त्वाच्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. १९३० साली ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञ सर थॉमस लुइस यांनी दाखवून दिले, की बर्फाच्या पाण्यात धरलेल्या बोटातील रक्तवाहिन्या काही मिनिटांनी आपोआप उघडतात व पुन्हा मिटतात. पण सारे अंगच गारठलेले असेल, तर ही सोय दुबळी पडते. म्हणून हातांची ऊब राखण्याचा पहिला उपाय हातमोजा नसून अंगातला स्वेटर आणि कानटोपी हा आहे!

बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंशांच्या खाली गेले, की हाताची सफाई कमी होते. ८ अंशांच्या सुमारास स्पर्शही नीट कळेनासा होतो. अशा हाताने विळा, गळ किंवा मोटारीचा स्टार्टर हाताळणे धोक्याचे असते.

खरा चोर कोण?

आता विहिरीच्या पाण्याकडे वळू. जमिनीच्या पोटातले पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचे असते. म्हणून हिवाळ्यात ते हवेपेक्षा उबदार लागते. पण हात पाण्याबाहेर काढला आणि वाऱ्याची झुळूक आली, की त्यावरचे पाणी उडून जाऊ लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तुमच्या पुस्तकातला हाच तो अप्रकट उष्मा! समजा, एका हातावर २ ग्रॅम पाणी राहिले व ते सगळे हाताच्याच उष्णतेने उडाले. म्हणजे ११६० कॅलरी गेल्या. हाताच्या पंजाचे वजन सुमारे ४०० ग्रॅम धरले आणि रक्ताकडून भरपाई झाली नाही असे मानले, तर एवढ्यानेच तो तीन ते साडेतीन अंशांनी निवेल. दर दोन-चार मिनिटांनी हात पुन्हा भिजत असेल, तर काय होईल याचा विचार करा.

दुसरा चोर म्हणजे उष्णतेचे वहन. स्थिर हवेची वाहकता १ मानली, तर रबराची सुमारे ६ व पाण्याची सुमारे २४ येते. हातमोजा उष्णता निर्माण करीत नाही. तो फक्त हवेला जागच्या जागी धरून ठेवतो. लोकर ऊबदार, कारण तिच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकते. तीच लोकर चिंब भिजली, की हवेच्या जागी पाणी येते व ऊब पळून जाते. सुती हातमोजा तर भिजल्यावर हाताला चिकटूनच बसतो. उलट, नुसता रबरी हातमोजा पाणी अडवतो, पण त्यात हवेचा थर नसतो. शिवाय आतला घाम बाहेर पडत नाही, आणि हात आतूनच ओला होतो.

निवड कशी करावी?

यावरून उत्तर सापडते: एकाच हातमोज्याकडून दोन्ही कामांची अपेक्षा करू नये.

आत पातळ लोकरी हातमोजा घालावा आणि त्यावर शिवण नसलेला रबरी. शिवणीच्या भोकांतून पाणी शिरते. रबरी हातमोजा एक माप मोठा घ्यावा. घट्ट असला तर आतली हवा दाबली जाते व बोटांतले रक्ताभिसरणही अडते. हात जेवढा पाण्यात बुडतो, त्यापेक्षा हातमोजा निदान चार बोटे लांब असावा. लोकरी हातमोज्यांचा दुसरा कोरडा जोड जवळ ठेवावा, म्हणजे घामाने ओलसर झालेला जोड वाळत टाकता येतो.

मासेमारांसाठी आणखी एक पर्याय आहे: नियोप्रीनचा फेसाळ हातमोजा. नियोप्रीन हे कृत्रिम रबर १९३० साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. त्याच्या फेसात वायूचे असंख्य बंद बुडबुडे असतात. त्यांत पाणी शिरत नाही, म्हणून तो पाण्याखालीही ऊब राखतो.

हातमोजा कितीही जाड करून चालेल का? नाही. बारीक बोटाभोवती थर वाढवला, की बाहेरचा पृष्ठभागही वाढतो. म्हणून जाडी दुप्पट केली तरी फायदा दुप्पट होत नाही. फिनलंड-कॅनडात गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासे धरणारे लोक यासाठी चारही बोटांना मिळून एकच पिशवी असलेला हातमोजा वापरतात. बोटे एकमेकांना ऊब देतात आणि उघडा पृष्ठभाग कमी होतो. पण त्या हातमोज्याने कांद्याचे रोप लावता येणार नाही! रोपाला बोटांचा स्पर्श हवा. तेथे पातळ जोडच बरा.

दोन इशारे लक्षात ठेवा. हे रबरी हातमोजे विजेपासून संरक्षण देत नाहीत. वीजतंत्रज्ञांचे हातमोजे वेगळे असतात व विशिष्ट व्होल्टेजला तपासलेले असतात. स्टार्टरला हात लावण्यापूर्वी हात कोरडे हवेत. आणि कडबाकुट्टीसारख्या फिरत्या यंत्राजवळ सैल हातमोजा घालू नये. तो हातासकट आत ओढला जातो.

करून पाहा

चार सारख्या बाटल्यांत सारखेच, सुमारे ५० अंशांचे पाणी भरा. पहिलीला कोरडा लोकरी पायमोजा चढवा, दुसरीला ओला. तिसरीला ओला पायमोजा चढवून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. चौथीला कोरडा पायमोजा चढवून त्यावर पिशवी बांधा व पिशवी बाहेरून भिजवा. चारही बाटल्या वाऱ्यात ठेवून दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा व आलेख काढा. दुसरी व तिसरी यांतला फरक बाष्पीभवनाचा. तिसरी व चौथी यांच्यात मुख्य फरक पाण्याने घेतलेल्या हवेच्या जागेचा. आलेख पूर्ण झाला, की तो घरात रात्री पाण्यावर जाणाऱ्या माणसाला अवश्य दाखवा.