गाळपाआधी गिअरचे तेल पाहा



गाळप हंगाम लागला की पैठण-गंगापूरच्या रस्त्यांनी उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. इंजिनचे तेल आपण रोज बघतो; गिअरचे मात्र ‘बघू नंतर’ म्हणून राहून जाते. बऱ्याच ट्रॅक्टरांत हेच एक तेल गिअर, लिफ्ट आणि ऑईल ब्रेक अशी तिन्ही कामे करते. भरलेल्या ट्रॉलीसह उतारावर ते कमी पडले तर काय होईल, हे सांगायला नको.

तपासणी घरीच होते. ट्रॅक्टर सपाट जागी लावा, लिफ्ट खाली सोडा, इंजिन बंद करून थोडे थांबा. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसा. पट्टी पुसून पुन्हा घाला. तेल दोन खुणांमध्ये हवे. कमी असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल थोडे थोडे ओता. जास्त झाले तर फेस होतो, सील गळते. ऑटोमॅटिक मोटारीत मात्र हे तेल बहुधा इंजिन चालू ठेवून पाहतात, गल्लत नको.

गिअरचे तेल जळून संपत नाही. पातळी उतरली म्हणजे कुठेतरी गळते आहे. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले समजा. वरून भर न घालता सगळे बदला.

ट्रॉली जोडण्याआधी एवढी पाच मिनिटे काढाच.