सातचा टॉक, पावणेनऊची बदलापूर

एक सीन सांगते, ओळखीचा वाटतो का बघा. शनिवारची संध्याकाळ. पवईतल्या एका ऑफिसचा सातवा मजला. ऐंशी-नव्वद खुर्च्या, प्रत्येकाच्या गळ्यात बॅज, कोपऱ्यात पिझ्झाचे खोके. टॉक संपतो आणि माइकवरची मुलगी म्हणते, ‘आता नेटवर्किंग!’ सगळे पिझ्झाकडे वळतात. चार जण मात्र बॅगा उचलून लिफ्टकडे निघतात. एक उल्हासनगरची, दोघं अंबरनाथचे आणि चौथी मी, बदलापूरची.

आम्ही एकमेकांना अजिबात ओळखत नव्हतो. लिफ्टमध्ये एकाने घड्याळ बघितलं, दुसऱ्याने विचारलं, ‘ठाण्याला पावणेनऊची बदलापूर मिळेल का हो?’ आणि ओळख झाली. गाडी मिळाली नाही, ते सोडा. पण गेल्या ऑगस्टमधल्या त्या लिफ्टमुळेच हा लेख लिहितेय.

मीटअप हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वेबसाइट बनवणारे, ॲप लिहिणारे, डिझाइन करणारे, कंटेंट लिहिणारे लोक महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कुठल्यातरी ऑफिसात जमतात. दोघं-तिघं टॉक देतात, बाकीचे प्रश्न विचारतात. बहुतेक ठिकाणी सगळं मोफत. जागा आणि खाणं एखादी कंपनी देते, कारण तिलाही माणसं हवीच असतात. डिग्री, अनुभव कुणी विचारत नाही. ऑनलाइन नाव नोंदवायचं आणि जायचं. मी मास कॉमची, कोडिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. कॉलेजच्या मॅगझिनची वेबसाइट गळ्यात पडली म्हणून गेले होते. ‘तू इथे कशाला?’ असं मला एकदाही कुणी विचारलं नाही.

आपल्याला अडवतं ते रेल्वेचं टाइमटेबल. मुंबईतले बहुतेक मीटअप पवई, अंधेरी, बीकेसी नाहीतर लोअर परळला होतात. सीएसएमटीपासून अंबरनाथ 60 किलोमीटर, बदलापूर 68. पवईला जायचं तर फास्टने ठाणे, तिथे स्लो पकडून कांजूरमार्ग, मग रिक्षा. अंधेरीला जायचं तर घाटकोपरला उतरून मेट्रो. एका बाजूचे दोन तास धरून चला. रविवार असेल तर मेगाब्लॉकचा तास वेगळा.

तरी टॉक ऐकायला मिळतो ना, मग पिझ्झा राहिला तर काय बिघडलं? मलाही असंच वाटायचं. उल्हासनगरच्या त्या मुलीने माझा गैरसमज काढला. (नाव छापू नकोस म्हणाली. त्या शनिवारी तिने ऑफिसात ‘ताप आलाय’ असं कळवलं होतं.) ती कॅम्प 4 मध्ये राहते, घरी जीन्सच्या शिलाईचं काम चालतं आणि ती तीन वर्षांपासून एका कंपनीत वेबसाइट बनवते. तिचं म्हणणं, टॉक काय, नंतर यूट्यूबवर बघता येतो. पिझ्झाभोवतीचं बोलणं कुठेच बघायला मिळत नाही. ‘आमच्याकडे एक जागा निघतेय, सीव्ही पाठव’ हे वाक्य कुणी माइकवर बोलत नाही. ‘त्या क्लायंटचं काम घेऊ नकोस, पैसे बुडवतो’ हे तर नाहीच नाही.

तिच्याबरोबर कामाला लागलेला एक मुलगा घाटकोपरला राहतो. दोघं त्याच मीटअपना गेले, दोघांना काम सारखंच येतं. त्याने ओळखीतून दोनदा नोकरी बदलली. ही अजून पहिल्याच कंपनीत आहे. ‘तो माझ्यापेक्षा हुशार असता तर वाईट वाटलं नसतं गं,’ ती म्हणाली. ‘तो फक्त दीड तास जास्त थांबतो.’

मुलींचा आणखी एक हिशेब असतो. कल्याण गेल्यावर लेडीज डब्यात किती जणी उरतात, हा. आमच्याकडे आईचा एक फोन ठाण्याला येतो आणि एक कल्याणला. दुसऱ्या फोनला ‘अजून पवईतच आहे’ असं उत्तर देण्याची माझी हिंमत नाही. तुमची असेल तर कौतुक आहे.

मग आम्ही विचार केला, आपल्याकडेच का होत नाही असं काही? उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून 2011 च्या जनगणनेत नऊ लाखांवर लोक होते, आणि त्यानंतर बदलापूरला किती टॉवर उभे राहिले ते गाडीतूनही दिसतं. त्याच जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आसपास होतं. त्या कोल्हापुरात 2024 मध्ये वर्डकॅम्प झाला. वर्डकॅम्प म्हणजे वर्डप्रेस वापरणाऱ्यांची परिषद. पहिली 2006 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला झाली. आपल्याकडे मुंबई, पुणे, नाशिक, नागपूरलाही झाल्या आहेत. आणि आमच्या तीन स्टेशनांत? अंबरनाथ म्हटलं की शिवमंदिर आणि एमआयडीसी, बदलापूर म्हटलं की बारवी धरण आणि गर्दी. उल्हासनगर म्हटलं की लोक ‘मेड इन यूएसए’चा जोक मारून मोकळे होतात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीचं 1949 मध्ये उल्हासनगर झालं. हाताशी काही नसताना बाजार उभा करणारं हे गाव, त्याला महिन्याला वीस खुर्च्या मांडायला काय जड जाणार होतं?

वाचताना एक गोष्ट सापडली, ती सांगायलाच हवी. 2005 मध्ये अमेरिकेत एक बड्या लोकांचा टेक कॅम्प व्हायचा, फक्त आमंत्रितांसाठी. त्याबाहेरच्या काही जणांनी ऑगस्टमध्ये, आठवड्याभराच्या तयारीत, पालो अल्टोच्या एका ऑफिसात स्वतःचा कॅम्प भरवला. नाव बारकॅम्प. आमंत्रण नाही, आधी ठरवलेले स्पीकर नाहीत. सकाळी भिंतीवर रिकामं वेळापत्रक लावायचं, ज्याला बोलायचंय त्याने आपला विषय लिहायचा. ही पद्धत जगभर पसरली, पुण्या-मुंबईतही बारकॅम्प झाले. ज्यांना आत जागा नव्हती त्यांनी बाहेर जागा केली, हे आम्हाला फारच आवडलं.

आता प्रत्यक्षात काय झालं ते ऐका. आधी एका कॉलेजला विचारलं. तिथल्या सरांनी पहिला प्रश्न केला, ‘प्रमुख पाहुणे कोण?’ दुसरा, ‘दीपप्रज्वलन किती वाजता?’ प्रमुख पाहुणे नाहीत, सगळे सारखेच, असं सांगितल्यावर अर्ज ‘वर पाठवतो’ म्हणाले. तो अजून वरच आहे. शेवटी अंबरनाथ पूर्वेला एका कोचिंग क्लासच्या सरांनी रविवारची दुपार दिली, तीन तासांचे सहाशे रुपये. आम्ही चौघांनी दीडशे-दीडशे काढले. अंबरनाथ का? कारण ते उल्हासनगर आणि बदलापूरच्या मधे येतं, म्हणजे भांडण नको.

गुगल फॉर्मवर 34 नावं आली. आम्ही 34 खुर्च्या मांडल्या. आले 11, त्यात क्लासचे सर आणि त्यांचा मुलगा. माझा चेहराच पडला. नंतर मुंबईतल्या एका ऑर्गनायझरने सांगितलं की मोफत कार्यक्रमात निम्मेच येणार असं धरूनच चालायचं असतं. हे आधी कळलं असतं तर समोसे कमी आणले असते.

प्रोजेक्टर होता, पण त्याची केबल आमच्या लॅपटॉपला बसेना. ती कुठूनतरी मिळवली, तर लाईट गेली. पंचवीस मिनिटं. मला वाटलं संपलं सगळं. पण तेवढ्यात उल्हासनगरवाली उठली आणि स्लाइडशिवायच बोलायला लागली. विषय होता ‘दुकानदाराकडे वेबसाइटचे पैसे कसे मागायचे.’ फर्निचरचा दुकानदार सांगतो, तीन हजारांत फ्लिपकार्टसारखी करून दे, माझा भाचा दोन हजारांत करतोय. अशा वेळी उत्तर काय द्यायचं? ती म्हणाली, त्याच्याशी भांडायचं नाही. त्याला विचारायचं, महिन्याला किती लोक फोनवर भाव विचारतात आणि त्यातले किती दुकानात येतात? मग त्याच्याच आकड्यांवर हिशेब मांडायचा. निम्मे पैसे आधी, डोमेन त्याच्याच नावावर घ्यायचं, फोटो कोण देणार ते लिहून ठेवायचं. आता सगळेच बोलायला लागले, कारण प्रत्येकाकडे एक भाच्याची गोष्ट होती. पवईत ऐकलेल्या टॉकपेक्षा मला हे जास्त समजलं, हे अगदी खरं.

साडेपाचला क्लास रिकामा केला आणि टपरीवर गेलो. कुणीच घड्याळ बघितलं नाही. घर शेअर रिक्षाच्या अंतरावर असल्यावर माणूस किती निवांत बोलतो! साडेआठपर्यंत उभे होतो. बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाला तिथे कळलं की एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याला मालाच्या नोंदी ठेवायला साधा प्रोग्राम हवाय. सांगणारा त्या कारखान्याचं अकाउंट बघतो. मुलाने ते काम केलं, आठ हजार मिळाले. त्याच्या आयुष्यातली पहिली कमाई. पवईत हे वाक्य आम्ही लिफ्टमध्ये शिरल्यावर बोललं गेलं असतं.

दुसरा मीटअप जानेवारीत झाला, 19 जण आले. यावेळी अंधेरीचा एक अनुभवी स्पीकर यायला तयार झाला होता. आम्ही तीनची वेळ दिली. तो दुपारी साडेबाराला निघाला आणि मेगाब्लॉकमध्ये अडकून चार वाजून दहा मिनिटांनी पोचला, घामाघूम. आल्या आल्या म्हणाला, ‘तुम्ही लोक हे दर वेळी करता?’ आम्ही एकमेकांकडे बघून गप्प बसलो. त्याला आधी पाणी दिलं.

तो येईपर्यंतचा वेळ भरून काढायला आम्ही वर्डप्रेसचं भाषांतराचं पान उघडलं. 2003 मध्ये सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त वेबसाइट्सच्या मागे आहे आणि ते मराठीतही आहे. हे मराठी कुठल्या कंपनीने पगार देऊन केलेलं नाही, वापरणाऱ्यांनीच फावल्या वेळात केलंय. खातं उघडून कुणीही शब्द सुचवू शकतो, मग संपादक तपासून तो स्वीकारतो किंवा नाकारतो. ‘ड्राफ्ट’ला ‘मसुदा’ म्हणावं की ‘कच्चा खर्डा’, यावर अशी जुंपली की क्लासचे सर (ते गणित शिकवतात) फळ्याजवळ जाऊन दोन्ही शब्दांची मतं मोजायला लागले. कोड न येणारी मी त्या दिवशी पहिल्यांदा या जगात कामाची ठरले. मी सुचवलेले काही शब्द अजून तपासणीत आहेत, रोज जाऊन बघते.

आता तुम्ही म्हणाल, मोठ्या कॉन्फरन्सला जायचंच नाही का? जायचं की. 2026 च्या वर्डकॅम्प आशियाचंच घ्या: 9 ते 11 एप्रिल, मुंबईत, बीकेसीच्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. 2020 मध्ये बँकॉकला होणारी पहिली कोविडमुळे रद्द झाली, मग 2023 ला बँकॉक, 2024 ला तैपेई, 2025 ला मनिला. आणि 2026 ला थेट आपल्या दारात. म्हणजे, कुर्ल्याला उतरून पुढे रिक्षा पकडली की दारात. 9 तारीख म्हणजे गुरुवार, सकाळच्या गर्दीत लॅपटॉपची बॅग पोटाशी धरायची, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. असल्या परिषदांत एक दिवस कॉन्ट्रिब्यूटर डे असतो, त्या दिवशी टॉक ऐकत बसायचं नसतं, टेबलाभोवती बसून काम करायचं असतं. भाषांतराचं टेबलही असतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला कोणाशी बोलायचं ते कळत नाही, तर सरळ त्या टेबलावर जाऊन बसा. हातात काम असलं की ओळख करून घेणं सोपं जातं. तिकिटाचे पैसे नसतील तर व्हॉलंटियरचा अर्ज कधी निघतो ते बघत राहायचं. असे अर्ज महिनोन् महिने आधी भरून घेतात, त्यामुळे एकदा हुकलं तर पुढच्या परिषदेला लवकर जागे व्हा.

आणि हो, स्पीकरला प्रश्न विचारायचा असेल तर टॉक सुरू व्हायच्या आधी गाठा. आम्ही डाऊनवाल्यांनी ही युक्ती काढलीय. तेव्हा त्याच्याभोवती गर्दी नसते, आणि तोही जरा घाबरलेला असतो, त्यामुळे छान बोलतो.

आमच्या ग्रुपला अजून नाव नाही, तीन गावांची नावं जोडून काय करायचं यावर व्हॉट्सॲपवर रोज भांडण चालू आहे. तिसरा मीटअप उल्हासनगरला घ्यायचाय, कॅम्प 3 किंवा 4 मध्ये, स्टेशनपासून चालत जाता येईल असा. तिथल्या काकूंनी दाल पकवान करून द्यायचं कबूल केलंय, स्पीकर ठरलाय, जागा तेवढी ठरत नाहीये. तीस खुर्च्या, एक भिंत आणि चालू पंखे एवढंच लागतं. प्रमुख पाहुणे नाहीत. प्रोजेक्टरची केबल आणि एक्स्टेन्शन बोर्ड आता आमचा स्वतःचा आहे.