हवेच्या नळांतील अग्निरोधक झडप

येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशीं असलेला ठाण्याचा मानपाडा आतां उंच इमारतींचा झाला आहे. तेथील मोठ्या दुकानगृहांत, कचेऱ्यांत आणि गाड्या ठेवण्याच्या तळघरांत हवा खेळविण्यासाठीं जस्ती पत्र्याचे चौकोनी नळ बसवावे लागतात. त्यांसच 'डक्ट' म्हणतात. हे नळ बहुधा छताआड दडलेले असल्यामुळें त्यांतील धोक्याची कल्पना सुशिक्षित कुटुंबांसहि सहसा नसते.

मोठी इमारत बांधतांना अग्निरोधक भिंतींनीं तिचे भाग पाडतात. एका भागांतील आग कांहीं काळ तेथेंच कोंडून राहावी आणि माणसांना जिन्यानें उतरण्यास अवसर मिळावा, हा त्यांतील हेतु. परंतु हवेचा नळ न्यावयाचा म्हणजे त्याच भिंतीस भोंक पाडणें आलें. भिंत कितीहि भक्कम असो, धुरास तें भोंक म्हणजे राजमार्गच होय.

२१ नोव्हेंबर १९८० रोजीं अमेरिकेंतील लास व्हेगास येथें एमजीएम ग्रँड हॉटेलास आग लागली. ज्वाला खालच्याच मजल्यांवर राहिल्या. तरीहि ८५ माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांतील बहुतेकांचा बळी धुरानें वरच्या मजल्यांवर घेतला. जिने, लिफ्टचे उभे बोगदे आणि हवेचे नळ यांतून तो धूर वर चढला. नळांतील सदोष झडपा त्यास अडवूं शकल्या नाहींत.

ही झडप म्हणजेच 'फायर डँपर'. पोलादी चौकटींत पोलादी पात्यांची एक रांग असते. एरवीं तीं पातीं उघडीं असतात आणि एक लहानशी धातूची कडी त्यांस धरून ठेवते. कडीचे दोन तुकडे लवकर वितळणाऱ्या डाखानें जोडलेले असतात. नळांतील हवा सुमारें ७२ अंश सेंटिग्रेड तापली कीं डाख वितळतो, कडी तुटते आणि स्प्रिंगच्या जोरानें पातीं मिटतात. मात्र दूरवरून येणारा धूर निवालेला असूं शकतो. त्यानें कडी वितळत नाहीं. यास्तव कांहीं झडपांस विजेची मोटर जोडून ती धूरसूचक यंत्राच्या इशाऱ्यावर मिटेल अशी योजना करतात. वीज गेली तरी स्प्रिंग तिला मिटवितेच.

झडप उत्तम असूनहि ती चुकीची बसविल्यास व्यर्थ. ती भिंतीच्या जाडींतच, पोलादी आवरणांत बसली पाहिजे. आवरणाच्या दोहों बाजूंस लोखंडी कोनपट्ट्या लावून भिंतीचें भोंक झांकावें लागतें. नळाचा सांधा आवरणाशीं असा जोडतात कीं, आगींत नळ कोसळला तर सांधा सुटावा, पण झडप भिंतींतच राहावी. शेजारीं तपासणीचें दारहि हवें. नाहींतर वितळलेली अथवा गंजलेली कडी कोणास दिसणार?

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यान्वयें इमारतींतील अग्निसुरक्षेचीं साधनें सुस्थितींत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दरवर्षीं जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावा लागतो. दाखला फाइलींत ठेवण्यापूर्वीं रहिवाशांनीं विचारावें: झडपा किती आहेत, कोठें आहेत, त्या मिटवून पाहिल्या काय? कडीवर रंग चढला असेल, पातीं तारेनें बांधलेलीं असतील, किंवा दार नव्या छतानें झांकलें असेल, तर तो कागद धूर अडविणार नाहीं.