उल्हासनगर ते बदलापूर : स्वसंरक्षणाच्या वर्गांची चौतीस वर्षं

मार्च १९९०. दहावीची परीक्षा चालू होती. उल्हासनगरातल्या एका केंद्रावर रिंकू पाटील ही विद्यार्थिनी पेपर लिहीत असताना, तिने नकार दिलेला एक तरुण साथीदारांसह हत्यारं घेऊन वर्गात शिरला आणि तिला तिथेच पेटवून दिलं. महाराष्ट्र हादरला. 'एकतर्फी प्रेम' हे शब्द वर्तमानपत्रांत रोजचे झाले. कल्याणच्या पुढे राहणाऱ्या आम्हा लोकांच्या घरांत त्या उन्हाळ्यात दुसरा विषय नव्हता. मुलींच्या शिकवणीच्या वेळा अलीकडे आल्या, भावांना सोडण्या-आणण्याची कामं लागली. आणि कराटेच्या क्लासमध्ये, जिथे तोवर रांगभर मुलगे आणि कोपऱ्यात दोन-तीन मुली असत, तिथे आया आपल्या मुलींना हाताला धरून आणू लागल्या.

त्याआधी या भागात मारामारीची कला नव्हती असं नाही. आजूबाजूच्या आगरी गावांत जत्रेला कुस्त्यांचे फड लागत. शाखेवर आणि सेवा दलात लाठी फिरत होती. राष्ट्र सेविका समिती तर १९३६ पासूनची, त्यामुळे काही मराठी घरांतल्या आज्यांनी तरुणपणी लाठी-लेझीम केलेली असे. उल्हासनगरचा स्वभाव वेगळा. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं राहिली, १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं, पण 'कॅम्प एक' ते 'कॅम्प पाच' ही मोजणी अजून तोंडात आहे. सगळं गमावून आलेल्यांना धंदा उभा करायचा होता. तालमीत घुमायला वेळ कुणाला होता! ऐंशीच्या दशकात तिथे टोळ्यांची दहशत माजली, आणि हाणामारी हा शिकण्याचा नाही, टाळण्याचा विषय झाला.

कराटे आलं ते मुंबईहून. साठच्या दशकात परवेझ मिस्त्रींनी मुंबईत ते शिकवायला सुरुवात केली, पुढे क्योकुशिन हा अंगावर मार घ्यायला लावणारा प्रकारही रुजला. त्यांच्या शिष्यांचे शिष्य लोकल धरून ठाण्याच्या पुढे आले. पण पोरांना क्लासपर्यंत खेचलं ब्रूस लीने. १९७३चा 'एंटर द ड्रॅगन' आपल्याकडे उशिराच पोचला आणि नंतर व्हिडिओ पार्लरांच्या कृपेने वर्षानुवर्षं चालत राहिला. गल्लीत दोन काठ्या साखळीने जोडून नानचाकू फिरवणारं आणि स्वतःच्याच कपाळाला टेंगूळ आणणारं एक तरी पोर असायचं.

क्लास म्हणजे शाळेचा हॉल, नाहीतर कारखान्याच्या वसाहतीतलं सभागृह. खाली गार फरशी. मॅट ही चैन पुष्कळ नंतर आली. आठवड्यातून तीन संध्याकाळी पांढरे ड्रेस घातलेली मुलं 'इच, नी, सान' म्हणत हवेत पंच मारत. सुरुवातीला व्यायाम, मग किहोन म्हणजे सुटे पंच-किक-ब्लॉक, मग काता, म्हणजे काल्पनिक शत्रूंशी ठरलेल्या क्रमाने केलेली लढाई. वर्षातून दोनदा-तीनदा बेल्टची परीक्षा. रंगीत पट्ट्यांची ही पद्धत मूळची कराटेची नाही. ज्यूडोच्या जिगोरो कानोंनी आपल्या शिष्यांसाठी काळा पट्टा आणला, १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला आलेल्या फुनाकोशींनी तो कराटेत घेतला, आणि मधले रंग पुढे भरत गेले. आपल्याकडे प्रत्येक रंगाला एक फी लागली. स्नेहसंमेलनात कौलं फोडण्याचा कार्यक्रम ठरलेला. एकावर एक, मध्ये फट ठेवून रचलेली, उन्हात चांगली वाळवलेली कौलं फुटायला फार ताकद लागत नाही, हे सगळ्या सरांना ठाऊक असे आणि एकाही पालकाला ठाऊक नसे.

या क्लासांनी काही दिलंच नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. लाजऱ्या मुलींना भर हॉलमध्ये पोटातून ओरडायला शिकवलं. खांदे सरळ झाले. घरात 'हळू बोल' ऐकणारी मुलगी आठवड्यातून तीन दिवस 'जोरात!' ऐकत होती, हे लहान काम नाही.

गाडी अडली ती फाइटपाशी. कुमितेला सगळे 'फाइट'च म्हणत. आधी ठरवून: समोरचा सांगून एक पंच मारणार, तुम्ही अडवणार, उलट मारणार. हे बरेच महिने चालतं आणि चालायलाही हवं. त्यानंतर मोकळी फाइट, जिथे कोण कधी कुठून मारेल ते ठरलेलं नसतं. स्पर्धेच्या नियमांत मात्र पंच लागला न लागला की रेफरी 'यामे' म्हणतात, दोघं थांबतात, गुण मिळतो, पुन्हा जागेवर. क्योकुशिनमध्ये छाती-पोटावर खरा मार बसतो, पण हाताने तोंडावर मारायला बंदी. तायक्वांदोत सगळा भर पायावर. प्रत्येक खेळाने आपापली इजा टाळण्यासाठी काहीतरी वगळलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा वगळलेली गोष्ट जगातच नाही असं शिकणाऱ्याला वाटू लागतं. मनगट धरणं, केस ओढणं, मागून मिठी मारणं, भिंतीशी दाबणं, ओढणी खेचणं: मुलींच्या वाट्याला प्रत्यक्षात जे येतं, त्यातलं एकही कुमितेच्या नियमांत बसत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत पहिली यूएफसी झाली आणि किरकोळ अंगाच्या रॉइस ग्रेसीने आपल्याहून दांडग्या लढवय्यांना जमिनीवर नेऊन नमवलं. तेव्हा जगभरच्या कराटेवाल्यांना हाच प्रश्न पडला. आपल्याकडे तो यायला वीसेक वर्षं लागली.

शिवाय मुलींना फाइटपासून दूरच ठेवलं जाई. 'नाक फुटलं तर उद्या लग्नाचं काय?' हे वाक्य मी आयांच्या तोंडून ऐकलं आहे, एकदा एका सरांच्याही. मुली कात्यात पदकं आणत. सुंदर काता करत. पण समोरच्याचा हात खरोखर आपल्याकडे येताना डोळे उघडे ठेवायचे, मार लागल्यावर श्वास सोडायचा, थिजायचं नाही, हे फाइटमध्येच येतं. ते कात्यात येत नाही. माउथगार्ड, ग्लोव्ह्ज आणि अर्ध्या ताकदीचा समंजस जोडीदार एवढ्यावर कुणाचंही नाक न फोडता ते शिकवता येतं. नव्वदच्या दशकात आमच्याकडे ते फार थोड्या मुलींना मिळालं.

आणि मग आठवी-नववी. शिकवण्या सुरू, दहावीचं वर्ष तोंडावर, क्लास बंद. या पट्ट्यातल्या किती कपाटांत हिरव्या किंवा निळ्या रंगाचा एक पट्टा घडी घालून ठेवलेला असेल! ज्या टिकल्या त्यांतल्या बऱ्याच स्पर्धांसाठी टिकल्या, कारण खेळाच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. त्यातून संघटनांचं पीक आलं. राज्यस्तरीय, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय, आणि प्रत्येकीचं म्हणणं की खरी मीच. हे भांडण वरपर्यंत होतं. भारताच्या कराटे संघटनेची मान्यता २०२० मध्ये जागतिक महासंघाने काढून घेतली, यावरून कल्पना यावी.

कायद्याची बाजू एकाही क्लासमध्ये कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचं रक्षण हा भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये दिलेला हक्क होता. १ जुलै २०२४ पासून तोच भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जिवाची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. अॅसिड हल्ल्याचा त्यात २०१३ मध्ये समावेश झाला. मर्यादा दोन: गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि धोका संपला की हक्कही संपतो. पळत सुटलेल्याला मागून गाठून झोडपलं तर ते स्वसंरक्षण नव्हे. 'मी उलट मारलं तर पोलीस मलाच धरतील' या भीतीने हात आखडणाऱ्या मुलींना हे दहा मिनिटांत सांगता आलं असतं.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत चालत्या बसमध्ये एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला आणि दुसरी लाट आली. या वेळी क्लासपेक्षा शिबिरं जास्त. महिला दिनाला कॉलेजात तीन तासांची कार्यशाळा, फलक, फोटो. शाळांमध्ये समग्र शिक्षा अभियानातून राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचं प्रशिक्षण आलं. हेतू चांगला. पण तीन तासांत दाखवलेले वीस डाव तीन दिवसांनी आठवत नाहीत. भीतीने अंगात अॅड्रेनॅलिन चढलं की बोटांची नाजूक कामं आधी जातात, नजर बोगद्यासारखी अरुंद होते. मनगट मुरगाळायचे दहा प्रकार तिथे निरुपयोगी. उरतात त्या ठोकळ हालचाली. मनगट धरलं तर धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटक्यात सोडवायचं, कारण पकड तिथेच कच्ची असते. केस धरले तर त्याचा हात दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर दाबून धरायचा आणि जवळ सरकायचं. मुठीऐवजी तळहाताचा खालचा भाग वापरायचा, मुठीने हाडावर मारलं तर आपलीच बोटं मोडतात. जवळ आलेल्याला कोपर आणि गुडघा. मागून कवळ घातली तर अंग एकदम खाली सोडायचं, पायावर टाच हाणायची. चेन किंवा मोबाइल ओढला तर सोडून द्यायचा, सुरा दिसला तर मागेल ते द्यायचं आणि पळायचं. इतकंच. पण हे इतकंच शेकडो वेळा, विरोध करणाऱ्या जोडीदारासोबत.

याहून मोलाचं काही आहे का? कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर एक अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. साधारण निम्म्यांना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रकं. वर्षभरानंतर पत्रकं मिळालेल्यांत बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण मिळालेल्यांत ५.२ टक्के. त्या बारा तासांत अंगाने लढण्याचा भाग थोडाच होता. बाकी वेळ गेला ओळखीचा माणूस धोक्याचा कधी होतो ते ओळखण्यात, आणि त्याला नकार देताना वाटणारा संकोच मोडण्यात. आपल्याकडेही बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या माहितीतला असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल दरवर्षी सांगतात. आमचे क्लास मात्र अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी गुंडासाठी मुली तयार करत राहिले. मुंबईहून ६८ किलोमीटरवरच्या बदलापूरला रात्री दहाच्या लोकलने परतणाऱ्या बाईला तो गुंडही भेटू शकतो, नाही असं नाही. पण तिला त्याहून जास्त वेळा भेटतो तो ऑफिसातला, नात्यातला, सोसायटीतला.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं उघड झालं. तक्रार नोंदवून घेण्यात दिरंगाई झाली. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, मध्य रेल्वेची वाहतूक दहाएक तास ठप्प झाली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मुलींना वाचवायचं तर आधी मुलग्यांना शिकवा, असंही सुनावलं. पुढच्या महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने मारला गेला. मधल्या काळात पुन्हा क्लासच्या जाहिराती आल्या. मोबाइलवर फिरणाऱ्या त्या जाहिरातींत चार-पाच वर्षांच्या मुली पंच मारताना पाहून मला राग आला. चार वर्षांच्या मुलीने मोठ्या माणसाला कोणता ब्लॉक मारायचा? तिचं रक्षण ही शाळेची जबाबदारी आहे. मार्च २०२२च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती सांगितली होती, पॉक्सो कायद्याने तर २०१२ पासूनच घडलेलं लपवणं हा गुन्हा ठरवला आहे. एवढ्या लहान मुलीला शिकवता येतं ते कुणी कुठे हात लावू नये, आणि लावला तर घरी येऊन सांगायचं. आणि घरच्यांना शिकवता येतं ते तिने सांगितलेलं खरं मानायचं.

चौतीस वर्षांचा हिशेब मांडला तर क्लास वाढले, मॅट आल्या, काही ठिकाणी बॉक्सिंग आणि कुस्तीची सांगड घालून खरी फाइट शिकवणारे तरुण सर आले आहेत. मुलींना नाक फुटण्याच्या भीतीने बाजूला बसवणं कमी झालंय. हे मी चांगलं मानतो. पण स्वसंरक्षणाच्या नावाखाली अजूनही बहुतेक जागी खेळच शिकवला जातो, आणि खेळ म्हणून तो उत्तमही असतो. पाटीवर तसं लिहावं एवढंच.

म्हणून मुलीचं नाव घालायला जाल तेव्हा सरांना दोन-चार गोष्टी विचारा. इथे मुलींची फाइट होते का, आणि कोणत्या संरक्षक साहित्यानिशी? मनगट, केस, मागून पकड यांचा सराव विरोध करणाऱ्या जोडीदारासोबत होतो का? ओळखीच्या माणसाला मोठ्याने 'नाही' म्हणण्याचा सराव कधी होतो? वर्ग चालू असताना पालकांना बसता येतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर फीची चौकशीही न करता परत या. आणि ११२ (तातडीची मदत) व १०९८ (चाइल्डलाइन) हे दोन नंबर मुलीला आजच पाठ करायला लावा, त्याला कुठल्याही क्लासची गरज नाही.